न पिता केलेला पहिला घोळ

माझी शेवटची दारू पोळ्याची. आमच्या गावात कोणालाही विचारा, निळ्या शिंगाचा पोळा म्हटलं की लोक बरोबर वर्ष सांगतात.

सण म्हणून मी सकाळपासूनच घेतलेली होती. दुपारी ओढ्यावरून बैल धुऊन आणला, चिंचेखाली बांधला आणि ऑइलपेंटचा डबा घेऊन शिंगं रंगवायला बसलो. एक शिंग झालं. दुसरं अर्धं होईपर्यंत बैलाच्याच पोटाला टेकून माझा डोळा लागला. बैल समजूतदार, जागचा हलला नाही. जाग आल्यावर मी त्याला तसाच वाजतगाजत घराच्या दारात नेला. वाजत म्हणजे मीच तोंडानं वाजवत होतो. दारातून आवाज दिला, "अवं, ताट आन! बैल आला."

बायको पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. तोवर अर्धी गल्ली जमली होती. तिनं बैलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हा बैल कोनाचा व्हय?"

"आपला."

"आपले बैल इकून तीन वर्सं झाले."

एवढ्यात शेजारी धापा टाकत आला. त्याचा बैल दोन तासांपासून हरवला होता. त्यानं बैलाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "धुतला बी, रंगवला बी, चांगलं केलं. राह्यलेलं अर्धं शिंग कवा करतू तेवढं सांग, म्हनजे तवा आनून बांधतो."

गल्ली हसली. सगळ्यांत जोरात मी हसलो. बायको हसली नाही. तिनं बैलाला कुंकू लावलं, पुरणपोळी खाऊ घातली, त्याच्या पाया पडली आणि दावं शेजाऱ्याच्या हातात दिलं.

"भाऊजी, तुमचा बैल घेऊन जा. यांचं मी पाह्यते."

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या भावाची जीप बोलावली आणि मला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोडलं.

दारू मी त्याआधी सोडली नव्हती असं नाही. पुष्कळदा सोडली होती. तालुक्यातल्या एकूण एक देवापुढं माझी शपथ झालेली होती, आणि एका देवापुढं तर दोनदा, कारण पहिल्या वेळी आपण इथं येऊन गेलो हे आठवलंच नाही. अडचण एवढीच, की शपथ घ्यायला धीर लागतो आणि मला धीर एकाच दुकानात मिळायचा.

केंद्रात दीड महिना होतो. पहिले आठ-दहा दिवस काय झालं ते मला दुसऱ्यांकडून ऐकून माहीत आहे, म्हणून लिहीत नाही. नंतर तिथल्या समुपदेशकानं प्रत्येकाला एक वही दिली आणि दारूपायी काय काय नुकसान केलं ते लिहायला सांगितलं. चौथ्या दिवशी मी दुसरी वही मागितली. समुपदेशकानं दोन्ही वह्या वाचल्या, बैलाच्या पानावर तोंड फिरवून हसला, आणि मग म्हणाला, "एक गोष्ट बघा. तुमचं प्रत्येक वाक्य 'दारूच्या नशेत' असं सुरू होतं. या दोन वह्यांत तुम्ही स्वतः काय केलं?"

मला प्रश्नच कळला नाही. दारूच्या नशेत नसलेला मी मला तरी कुठं माहीत होतो?

घरी आलो तेव्हा आमच्या शेतात मिरची डोलत होती, आणि ती बायकोनं लावलेली होती. आमच्या भागात, दुसरबीडच्या आसपास, शेतात शेडनेट टाकून बियाणं तयार करायचं काम बरेच शेतकरी करतात. वर आणि चहूबाजूंनी जाळी, आत मिरची नाहीतर टमाटे. आमचं दहा गुंठ्यांचं शेडनेट भावाच्या मदतीनं तिनं आदल्या उन्हाळ्यातच उभं केलं होतं. माझ्याच शेतात, आणि मी तिथं दोनदाच गेलो होतो. एकदा बाटली लपवायला आणि एकदा ती शोधायला.

हे काम कसं असतं ते सांगितलं नाही तर माझा घोळ कळायचा नाही. कंपनी दोन जातींची रोपं देते, एक नर, एक मादी. मादीच्या झाडावरची उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची. चिमट्यानं तिच्या पाकळ्या आणि आतले जांभळट परागकोश अलगद काढून टाकायचे, मधल्या नाजूक दांडीला धक्का न लावता. कळी झाली की तिच्या देठाला लोकरीचा धागा अडकवायचा, म्हणजे खूण. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलांची पावडर त्या दांडीला लावायची. याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. धागा असलेलं फळ ते क्रॉसिंगचं. बिनधाग्याचं फळ म्हणजे फुलानं आपलं आपण उरकून घेतलेलं, ते खुडून फेकायचं. असलं बी जर मालात गेलं आणि कंपनीनं पेरून पाहिल्यावर भेसळ निघाली, तर आख्खा प्लॉट नापास. पुढं त्या शेतकऱ्याला कोणी प्लॉट देत नाही.

हा बायकोचा पहिला प्लॉट होता. हाताखाली सात बायका. त्यांत माझी लांबची आत्या, तिचा चिमटा सगळ्यांत जलद आणि जीभ चिमट्याहून.

मी आलो त्या दिवशी बायको शेडनेटच्या दारात उभी राहिली. कीड आत जाऊ नये म्हणून त्याला एकामागं एक अशी दोन दारं असतात. ती मधल्या जागेत होती, मी बाहेर.

"आत यायचं तं तोंडाचा वास देऊन यायचं. रोज. एक डाव जरी वास आला, तं याच दारातून बाहेर. मंग माह्या कामात पाय टाकायचा नाई."

"आन् घरात?"

"घराचं मंग पाहू."

मी तोंड पुढं केलं. पंधरा वर्षांच्या संसारात नवऱ्यानं बायकोपुढं असं तोंड करायचं आणि तिनं नाक लावायचं, यात शृंगार किती आणि झडती किती ते वाचकानं ठरवावं. पण मला आत जायचंच होतं. बाहेर मला काही उद्योग नव्हता, आणि बिनउद्योगाचे माझे पाय कुठं जातात ते पायांना चांगलं पाठ होतं.

सुरुवातीला मला हमाली. पाण्याचे कॅन आण, तारा ओढ, नराची फुलं गोळा कर. बाप्यामाणसं शेडनेटात फवारणी करतात, औषधं सोडतात. चिमट्याचं काम बायकांचं. मी बायकांत बसून फुलं गोळा करतो ही बातमी टपरीवर पोचायला एक दिवस पुरला.

"काय बे, गजरे इकतू का?" माझा जुना पिण्यातला सोबती म्हणाला.

"हाव. तुले एक राखून ठेवला."

उत्तर झकास दिलं, पण चहा अर्धा टाकून निघालो. कारण त्याच्या खिशाचा फुगवटा मला ओळखू आला होता.

दिवाळीनंतर क्रॉसिंग भरात आलं, एक बाई बाळंतपणाला माहेरी गेली आणि बायकोनं चिमटा माझ्या हातात ठेवला. कोपऱ्यातल्या चार ओळी. "हळू करा. कमी झालं तरी चालते. चुकीचं नाई चालत," एवढंच बोलली. मी तो चिमटा कपाळाला लावला. आत्या म्हणाली, "अरे बाप्पा, चिमटा व्हय तो, तलवार नव्हं."

पहिले दोन दिवस जमलं. कळ्या थोड्या, पण चोख. तिसऱ्या दुपारी हात थरथरायला लागले. दारू सुटून तीन महिने होत आले होते, थरथर बरीच कमी झाली होती, पण थकलो की यायची, आणि कोणी बघत असलं की हमखास यायची. एक कळी मोडली. दुसरी मोडली. पाचवी मोडली तेव्हा पलीकडच्या ओळीतल्या दोघी बायका गप्प झाल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ते गप्प होणं मला ओळखीचं होतं. मी दारू पिऊन कुठं गेलो की तिथं असंच सगळे गप्प व्हायचे.

आणि मग मी ते केलं. कळीला चिमटा लावलाच नाही, नुसता धागा अडकवला. दर आठवड्याला धाग्याचा रंग बदलतो, त्या आठवड्याचा पिवळा होता. एका कळीला, मग दुसरीला. थरथरत्या हातांनीही धागा अडकवता येतो. मनात म्हटलं, थोडा वेळ, हात थांबले की परत फिरून या कळ्या नीट करू. हात थांबले नाहीत. संध्याकाळी माझ्या ओळी पिवळ्याधम्मक दिसत होत्या. सकाळी उमललेल्या पाकळ्या मी कोणी बघायच्या आत ओढून टाकल्या, आणि वर पावडर लावल्याचं नाटक केलं. तोवर त्या फुलांचं आतल्या आत सगळं उरकलेलं होतं. काही कळ्या खऱ्या केल्या, काही खोट्या. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी हात जरा थाऱ्यावर आले, मी पुन्हा नीट काम करायला लागलो आणि झालं ते विसरायचं ठरवलं. विसरण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं.

पण मिरची विसरत नाही. जिला चिमटा लागलाच नाही ती कळी कशाला गळेल? बाकी ओळींत दहातल्या तीन-चार कळ्या गळत होत्या, माझ्या ओळींत फळंच फळं लटकली. दोन आठवड्यांनी कंपनीचे साहेब पाहणीला आले. ओळींतून वाकून वाकून फिरले आणि माझ्या कोपऱ्यात येऊन सरळ उभे राहिले.

"ही कोणाची ओळ?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडं बोट केलं.

"भाऊंची? बघा! सगळ्यांनी इकडं या. हे सेटिंग बघा, किती फळं धरलीत. पुरुष माणूस, पहिलाच हंगाम, आणि तुमच्यापेक्षा हलका हात!"

आत्या चष्मा वर करून म्हणाली, "काय बाप्पा, अन् मी चिमटा धरून बारा हंगाम झाले."

बायको हसली. ओठ न उघडता, खाली बघून, पण हसली. तिचं हे हसू मी शेवटचं कधी पाहिलं ते मला आठवेना. साहेब गेले. मी कॅन घेऊन पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर आलो आणि विहिरीपाशी उकिडवा बसलो.

आमची दर शनिवारी दुसरबीडला बैठक असते. शाळेच्या एका खोलीत, बाकं लहान, माणसं मोठी, गुडघे हनुवटीला लागतात. दारू सोडलेले दहा-बारा जण जमतो आणि आपापलं सांगतो. बैठक चालवतात ते निवृत्त गुरुजी. त्यांची सुटून पुष्कळ वर्षं झाली. त्या शनिवारी मी हा किस्सा सांगितला. आणि मला सांगता येतं हो. चिमटा, पिवळे धागे, साहेबांचं भाषण, आत्याचा चष्मा, सगळं रंगवून सांगितलं. लोक बाकांवर लोळले. मलाही थोडं हलकं वाटलं.

गुरुजी मात्र हसले नाहीत.

"गोष्ट चांगली सांगता तुम्ही."

"धन्यवाद गुरुजी."

"बायकोले सांगितली?"

मी बाकावरची शाई नखानं खरवडायला लागलो.

"मग इथं हशा काऊन पिकवून राह्यले? ज्याचं पीक जाणार हाये तिले माहीत नाई, अन् आमी दहा जण हसून राह्यलो. पुढच्या शनिवारी सांगून या. नसंल सांगायचं तं दुसरी गोष्ट आणा, ही आता आमाले नको."

तोंडात मारल्यासारखं झालं. परतताना मनाशी हिशेब मांडला. फळं अजून हिरवी होती. ती पिकून लाल झाली की बायका सगळ्या ओळींची एकत्र तोडणी करणार, सगळं बी एकाच ढिगात जाणार. त्याआधी बोललो तर माझ्या चार ओळी बुडतील, बाकी प्लॉट वाचेल. नंतर बोललो तर बोलून उपयोग नाही. आणि बोललो तर ते हसू गेलं, चिमटा गेला, त्या दोन दारांच्या आतली जागा गेली. रविवारभर मी बायकोच्या मागं मागं फिरलो. "काई म्हनायचं हाये का?" तिनं दोनदा विचारलं. एकदा मी "मीठ कमी हाये" म्हणालो, एकदा "मीठ जास्त हाये." भाजी एकच होती.

सोमवारी सकाळी मला उपाय सुचला. माझ्या डोक्यातले उत्तमोत्तम उपाय याच जातीचे असतात. बायकोला दारूड्याच्या चुका माफ करायची सवय आहे, निदान त्यांचं काय करायचं ते तिला ठाऊक आहे. मग आधी दोन घोट घ्यावेत, मग सांगावं. धीरही येईल आणि कारणही मिळेल. "पिऊन केलं" म्हटलं की गोष्ट संपली. ती रडेल, भावाला बोलावेल, मी पुन्हा दीड महिना केंद्रात जाईन, तिथं वही मिळेल. सगळी वाट पायाखालची.

फटफटी काढली आणि लांबच्या बीबी गावचा रस्ता धरला. गावाजवळच्या दुकानात गेलो असतो तर बातमी माझ्याआधी घरी पोचली असती. बीबीच्या दुकानदारानं मला बघून दोन्ही हात जोडले.

"या भाऊ! लय दिवसानं! आमी म्हनलं, गेले का काय!"

"जित्ता हाये."

"कोनती देऊ? तीच का?"

त्यानं विचारायच्या आधीच फळीवरून बाटली काढली होती. माझी आठवण एवढ्या मायेनं कोणीच ठेवली नव्हती. हात पुढं झाला. आणि मला एकदम वाटलं, हे प्यालो तर धाग्यांचा तो घोळ या बाटलीचा होईल. दोन वह्या भरल्या, त्यांत एकही वाक्य माझं नव्हतं. सासऱ्याच्या तेराव्याला नाचलो ते दारूनं, बैल आणला तो दारूनं. पण त्या तीन दुपारी मी थेंबभर घेतलेली नव्हती. ते धागे मी बांधले. लाजेपायी, भीतीपायी, शहाणपणा दाखवायला, कशाहीपायी, पण मी. एवढ्या वर्षांत पूर्ण माझ्या अकलेनं केलेलं ते पहिलं काम होतं, आणि तेही मी या माणसाच्या फळीवर ठेवायला निघालो होतो. मला भयंकर राग आला. चूकसुद्धा स्वतःची ठेवता येत नसेल तर मग सुटलो कशातून?

"पान्याची बाटली द्या," मी म्हणालो.

"आन्?"

"आन् काई नाई."

"नुसतं पानी?" त्याचा चेहरा असा पडला, जणू मी त्याच्या घरी जाऊन न जेवता उठलो.

रस्त्यात गाडी थांबवून ते पाणी प्यालो. हात इतके हलत होते की निम्मं शर्टावर सांडलं. तसाच ओला शेडनेटवर आलो. बायकांची जेवायची सुट्टी झाली होती, सगळ्या जणी बांधावर भाकरी सोडून बसल्या होत्या. बायको दोन दारांच्या मधल्या जागेत धाग्यांचा गुंता सोडवत होती. मी बाहेरच्या दारात उभा राहिलो आणि सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, एकही विनोद न करता. हे मला फार अवघड गेलं, कारण सांगताना मध्ये दोनदा चांगली वाक्यं सुचली होती.

ती उठली. माझा ओला शर्ट बघितला.

"तोंड इकडं करा."

मी केलं. तिनं वास घेतला. मग पुन्हा घेतला, जवळून.

"नाई घेतली."

"नाई."

"त्या दिवसांत घेत व्हते?"

"नाई. एक थेंब नाई."

"मंग हे कोनं केलं?"

"म्या केलं."

ती मटकन खाली बसली. हातातले धागे मांडीवर पडले.

"घेतलेली असती तं बरं झालं असतं," ती म्हणाली. "दारूले शिव्या देता आल्या असत्या. आता मी कोनाले देऊ?"

"मले दे."

"देते ना. थांबा जरा." पण तिनं दिल्या नाहीत. डोळे पुसले आणि उठली. "हात थरथरले तं सांगायला काय झालं व्हतं? थोबाड व्हतं ना?"

"लाज वाटली."

"बैल रंगवताना नाई वाटली!" ती एवढ्या जोरात ओरडली की बांधावरच्या सगळ्या भाकऱ्या थांबल्या. मग तिचा आवाज खाली आला, आणि तो खालचा आवाज मला जास्त लागला. "चार ओळी. पिवळ्या धाग्याचं एक बी फळ झाडावर ठेवायचं नाई."

"त्यातले काई खरे हायेत. म्या नीट केलेले."

"कोनते?"

मी ओळींकडं पाहिलं. त्या आठवड्याची सगळी फळं सारखीच हिरवीगार, सगळ्यांना सारखाच पिवळा धागा.

"मले नाई सांगता येत."

"मंग सगळे."

मी खुडायला बसलो. कोणी मदतीला आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पहिल्या ओळीला राग होता, दुसरीला रडू आलं, तिसरीला नुसती कंबर दुखत होती. चौथ्या ओळीला आत्या येऊन उभी राहिली आणि टोपल्याकडं बघून म्हणाली, "अवं माय, येवढ्यात तं आख्ख्या गावाचा ठेचा व्हते."

"फवारनी झाली हाये आत्या," बायको पलीकडून म्हणाली. "खड्ड्यात टाकायच्या."

"माहीत हाये मले. याले जरा बरं वाटावं म्हून बोलली."

साहेबांचं काम बाकी होतं. बायको म्हणाली, "मी नाई सांगनार. तुमीच सांगा, माह्यासमोर." बुधवारी साहेब आले तेव्हा मी सांगितलं. ज्या जागेवर उभे राहून त्यांनी माझं कौतुक केलं होतं त्याच जागेवर, त्याच सगळ्या जणींसमोर. साहेबांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी रागवायला तोंड उघडलं, मिटलं, मग विचारलं, "अजून काय सांगायचं राहिलंय?"

"एवढंच साहेब."

"खात्री?"

"खात्री."

ते प्लॉटच्या एकूण एक ओळीतून फिरले. खड्डा उकरायला लावून आतल्या मिरच्या बघितल्या. वहीत काहीतरी लिहिलं आणि बायकोला म्हणाले, "ताई, बाकी प्लॉट चांगला आहे. पण आता बी तपासून येईपर्यंत मी काही बोलत नाही. आणि यांच्या ओळी मी दर खेपेला आधी बघणार." त्या हंगामाचं बी पुढं पास झालं, पण त्याला अजून सात-आठ महिने होते. त्या बुधवारी आमच्यापैकी कोणालाच ते माहीत नव्हतं.

गुरुवारी दुपारी मी बाहेरच्या दाराशी येऊन थांबलो. आत कोणत्या तोंडानं जायचं, काही कळेना. बायका एकेक करून आत गेल्या. आत्या जाताना म्हणाली, "खांब रोवला का काय इथं?" शेवटी बायको आली.

"काऊन उभे?"

"म्हटलं, बाहेर काढलं का काय."

"अट वासाची व्हती. वास नव्हता." तिनं आतलं दार उघडलं. "आता दुसरी अट हाये. माह्या समोरच्या ओळीत बसायचं. हात हालले की चिमटा खाली ठेवायचा आन् मोठ्यानं सांगायचं, हात हालून राह्यले म्हनून."

"सगळ्यांसमोर?"

"मंग काय चिठ्ठी लिहनार हाये का?"

बसलो. समोर ती, मध्ये मिरचीचं हिरवं. पहिल्या दहा-बारा कळ्या नीट झाल्या. मग उजव्या हाताचा अंगठा फडफडला. मी कळीकडं पाहिलं, खिशातल्या धाग्याकडं पाहिलं. आता या आठवड्याचा धागा लाल होता. धागा अडकवायला काहीच लागत नाही, दोन सेकंद. मी चिमटा खाली ठेवला.

"हात हालून राह्यले," मी म्हणालो.

"काय म्हनलं? ऐकू नाई आलं," कोपऱ्यातून आत्या.

"हात हालून राह्यले!"

"हालू दे की बे. माहे गुडघे हालते, मी गाव गोळा केला का?"

बायका हसल्या. गप्प झाल्या नाहीत, हसल्या. आणि चिमटे चालूच राहिले. बायकोनं मान वर न करता सांगितलं, "पानी प्या. थोडं बसा. मंग करा."

पाणी प्यालो. तळहात मांडीखाली दाबून बसलो. थोड्या वेळानं चिमटा उचलला आणि पुढची कळी धरली. पाकळ्या निघाल्या, परागकोश एकेक करून निघाले, मधली दांडी सरळ उभी राहिली. धागा अडकवला. मग त्याच्या शेजारची. त्या दुपारी मला आणखी तीनदा ओरडावं लागलं, आणि तिसऱ्यांदा आत्यानं माझ्याआधीच "हालून राह्यले!" म्हणून पुकारा केला.

सुट्टी व्हायच्या आधी बायको माझ्या ओळीत आली. वाकून तिनं एक लाल धागा हातात घेतला, कळी उजेडाकडं वळवली, डोळे बारीक करून आत पाहिलं. मग दुसरी पाहिली, मग तिसरी.

"उद्या इथून पुढची ओळ घ्या," ती म्हणाली, आणि आपली टोपली उचलून चालू लागली.